हिशोबावर कोणी बोट ठेवलं की शेअर का आपटतो?

या वेळी पत्रं खूप आली आणि बरीचशी एकाच विषयावर आहेत, कंपनीच्या अकाउंट्सवर कोणी जाहीर टीका केली की भावाचं काय होतं आणि आपण काय करायचं. जागा मर्यादित आहे म्हणून काहीच घेतलीत, आणि ज्यांनी "घेऊ की विकू" एवढंच विचारलंय त्यांना इथे उत्तर देता येणार नाही, तो सल्ला सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) रजिस्टर असलेल्या माणसाकडूनच घ्या.

ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. माझ्याकडच्या एका कंपनीचे हिशोब फुगवलेले आहेत असा रिपोर्ट एका रिसर्च फर्मने काढला आणि शेअर एका दिवसात चांगलाच खाली आला. मी तो रिपोर्ट अख्खा वाचला. त्यातले सगळे आकडे कंपनीच्याच अॅन्युअल रिपोर्टमधले होते, एकही गुपित नव्हतं. मग जे आधीपासून छापलेलं होतं त्यावर भाव का पडावा? – एक वाचक, मुलुंड

काका, नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात भरपूर वाद घातलाय म्हणून तिथूनच सुरू करते. न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजमध्ये अब्राहम ब्रिलॉफ नावाचे अकाउंटिंगचे प्रोफेसर होते, ते बॅरन्स या साप्ताहिकात एकेक कंपनी घेऊन तिचे हिशोब उलगडून दाखवायचे. आतली बातमी काही नाही, कंपनीने स्वतः छापलेले अहवाल आणि त्यांच्या मागच्या बारीक अक्षरातल्या टिपा, एवढंच. त्यांचा एक मोठा आक्षेप पूलिंग नावाच्या पद्धतीवर होता. समजा एका कंपनीने १०० कोटींचे शेअर देऊन दुसरी कंपनी घेतली, पण त्या दुसरीच्या पुस्तकात मालमत्ता जुन्या किमतीला २० कोटींनाच लिहिलेली आहे, तर पूलिंगमध्ये आपल्या पुस्तकातही २० कोटीच लिहायचे, आणि पुढे त्यातला एखादा तुकडा बाजारभावाने विकला की झाला भरघोस नफा, धंदा एक पैशाने वाढलेला नसताना. आणि हे सगळं तेव्हाच्या नियमात बसत होतं. अमेरिकेने ही पद्धत २००१ साली बंद केली, आपल्याकडे एकाच प्रमोटरच्या (म्हणजे मूळ मालकाच्या) कंपन्या आपसात विलीन होतात तेव्हा ती अजूनही चालते, म्हणून मर्जर झालेल्या कंपनीच्या टिपा जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

तर १९७९ मध्ये जॉर्ज फॉस्टर नावाच्या अभ्यासकाने ब्रिलॉफच्या लेखांत आलेल्या कंपन्यांचे भाव तपासले. लेख आला की भाव सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास पडत होता, आणि खरी गोष्ट पुढे आहे, नंतरच्या महिनाभरातही तो भरून निघत नव्हता. नुसती घाबरगुंडी असती तर चार दिवसांत लोक शांत झाले असते आणि भाव वर आला असता. म्हणजे त्या लेखांत खरेदीदारांना काहीतरी नवीन सापडत होतं, जरी प्रत्येक आकडा आधी छापलेला होता तरी.

नवीन काय होतं? सोसायटीचे हिशोब नोटीस बोर्डावर महिनाभर लागलेले असतात, लिफ्टची वाट बघताना सगळे त्याकडे बघतात, आणि मग एजीएममध्ये कोणीतरी उठून विचारतं की सिंकिंग फंडाची एफडी अमुक तारखेला मोडलेली दिसते तर तेवढ्यातच पेंटिंगच्या कॉन्ट्रॅक्टरला अॅडव्हान्स कसा गेला, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ते एकदम दिसतं. कंपनीचंही तसंच असतं. दोनशे-तीनशे पानांत टीप १४ आणि टीप ३१ एकत्र वाचून त्याचा अर्थ लावणं हे काम आहे, ते येणारी माणसं थोडी आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाने ते करून चव्हाट्यावर मांडलं तर ती नवीन माहितीच झाली.

दुसरं कारण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आता हे सगळ्यांनी वाचलंय हे सगळ्यांना कळतं. म्हणजे कंपनीची बँक प्रश्न विचारणार, कर्ज फेडायची पत ठरवणारे रेटिंगवाले विचारणार, रेग्युलेटर नोटीस काढू शकतो, ऑडिटर पुढच्या वर्षी कडक होणार. जी कंपनी शेअर देऊन कंपन्या विकत घेते किंवा शेअर तारण ठेवून कर्ज उचलते तिच्यासाठी तर भाव पडणं हेच नुकसान असतं, आरोप खरा असो की खोटा.

फक्त एक लक्षात ठेवा काका, ब्रिलॉफ हा अत्यंत मेहनती माणूस होता आणि फॉस्टरने तपासलेल्या कंपन्या थोड्या होत्या, त्यावरून प्रत्येक टीकाकाराला तेवढं वजन द्यायचं कारण नाही.

टीका चुकीची निघाली तर भाव परत येतो का? की एकदा डाग लागला की लागला? – आयटीवाला, डोंबिवली

येऊ शकतो, आणि तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसमधल्या काही निनावी कर्मचाऱ्यांचं पत्र बाहेर आलं, नफा बरा दिसावा म्हणून हिशोबात खटाटोप चाललाय असा आरोप होता. बातमी फुटली तो सोमवार, २१ ऑक्टोबर, आपल्याकडे विधानसभेचं मतदान, मार्केट बंद. त्यामुळे मुंबईत कोणाला काही करता आलं नाही, तिकडे न्यूयॉर्कमध्ये एडीआर (अमेरिकेच्या बाजारात चालणारा कंपनीचा शेअर) पडला आणि मंगळवारी सकाळी इथे जी विक्री सुरू झाली ती शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के खाली नेऊनच थांबली, जवळपास ५३ हजार कोटींचं बाजारमूल्य गेलं. कंपनीच्या ऑडिट कमिटीने बाहेरची लॉ फर्म आणि पीडब्ल्यूसी या ऑडिट फर्मला घेऊन चौकशी केली आणि १० जानेवारी २०२० ला सांगितलं की आरोपांना पुरावा सापडला नाही. तोपर्यंत शेअर बराचसा सावरलेला होता आणि पुढे अमेरिकेच्या एसईसीनेही, म्हणजे तिथल्या सेबीने, आपली चौकशी बंद केली. ज्यांनी त्या मंगळवारी सकाळी पहिल्या तासात विकलं त्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या दिवशी कोणाच्याही हातात एकही तपासलेला आकडा नव्हता.

आता याच्या उलट सत्यम. १६ डिसेंबर २००८ ला कंपनीने प्रमोटरच्याच मायटास कंपन्या घ्यायचं जाहीर केलं, गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांत ते मागे घ्यावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्क्यांच्या आसपास पडला. तेव्हा लोक प्रमोटरच्या वागण्यावर चिडले होते, पुस्तकातली कॅशच खोटी असेल असं फार कोणाच्या मनात नव्हतं. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंचं पत्र आलं, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या कॅशमधले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या एका दिवसात शेअर ७७-७८ टक्के गेला, सेन्सेक्ससुद्धा ७ टक्क्यांहून जास्त पडला. आधीच्या ३० टक्क्यांच्या पडझडीत ज्यांनी "स्वस्त मिळतोय" असं वाटून घेतला त्यांच्याबाबतीत भाव परत आलाच नाही.

आणि मधलं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे. २४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्ग या अमेरिकन शॉर्ट सेलर फर्मने (शेअर आधी विकून ठेवून भाव पडला की कमावणारी) अदानी ग्रुपवर रिपोर्ट काढला, त्यात अकाउंटिंगचेही आरोप होते, ग्रुपने ४१३ पानांचं उत्तर देऊन सगळे फेटाळले. अदानी एंटरप्रायझेसचा शेअर ३,४०० च्या वर होता तो ३ फेब्रुवारीला हजाराच्या आसपास येऊन गेला, २०,००० कोटींचा एफपीओ (लिस्टेड कंपनीने लोकांना पुन्हा शेअर विकणं) पूर्ण भरला होता तरी मागे घेतला. मग सुप्रीम कोर्टाची समिती, ३ जानेवारी २०२४ चा निकाल ज्यात तपास सेबीकडेच ठेवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने ग्रुपच्या आपल्याच माणसांच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांच्या काही आरोपांत काही सिद्ध होत नाही म्हणून ती प्रकरणं बंद केली. एंटरप्रायझेस २०२४ च्या मध्यात जुन्या भावाला परत पोचला, पण त्याच ग्रुपमधला अदानी टोटल गॅस, जो ३,९०० च्या आसपास होता, तो तिथे जवळपासही गेला नाही. रिपोर्ट एक, ग्रुप एक आणि दोन शेअरची गत वेगळी, कारण एकाच्या भावाला धंद्याचा आधार होता त्यामानाने दुसऱ्याचा भाव मुळातच कमाईच्या शेकडो पट होता. पडलेला भाव जुन्या जागी येईल का हे विचारताना ती जुनी जागा तरी बरोबर होती का हे आधी बघा.

आमच्या बचतगटातल्या ग्रुपवर एका कंपनीचा हिशोब खोटा आहे असा मेसेज आला, कोणी लिहिलाय माहीत नाही. अशा मेसेजने खरंच भाव पडतो का? – गृहिणी, गिरगाव

पडतो ताई, आणि कसा पडतो बघा. २८ सप्टेंबर २०१८ ला इन्फीबीम नावाच्या कंपनीबद्दल एक व्हॉट्सअॅप मेसेज फिरला, कंपनीने आपल्या उपकंपनीला बिनव्याजी कर्ज दिलंय वगैरे, आणि शेअर एका दिवसात ७० टक्क्यांच्या आसपास आपटला. तो शेअर एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या यादीत) होता आणि तिथल्या शेअरना ५-१०-२० टक्क्यांचं ठरलेलं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती हलू शकतो त्याची मर्यादा, नसतं, म्हणून तळच लागला नाही. शिवाय आयएल अँड एफएस या मोठ्या फायनान्स कंपनीची कर्जं थकली ते दिवस होते, सगळा बाजार आधीच घाबरलेला.

आता लिस्टेड कंपन्यांमधल्या पहिल्या २५० कंपन्यांना मीडियात आलेल्या अफवेमुळे भाव जोरात हलला तर २४ तासांत खरं-खोटं सांगावं लागतं, पहिल्या १०० ना १ जून २०२४ पासून आणि बाकीच्यांना १ डिसेंबर २०२४ पासून. त्यामुळे मेसेज आला की तो पुढे पाठवायच्या आधी बीएसईच्या साइटवर त्या कंपनीच्या अनाउन्समेंट बघा, मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही जमेल असं ते पान आहे, नाव टाकायचं की तारखेप्रमाणे सगळं दिसतं. आणि कृपा करून ग्रुपमध्ये फॉरवर्ड करू नका, तुमच्या ग्रुपमधल्या बायकांचे कष्टाचे पैसे आहेत ते.

माझा शेअर रोज सकाळी लोअर सर्किटला उघडतो, विकायचाय पण विकताच येत नाही. काय करू? – बोरिवली

सर्किटला घेणारा नसतो, नुसत्या विकणाऱ्यांच्या ऑर्डरी रांगेत उभ्या असतात, त्यामुळे प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडायच्या आधीच्या वेळेत, ऑर्डर टाकून ठेवणं एवढंच हातात आहे, रांगेत जो आधी त्याचा नंबर आधी. २०१८ मध्ये वक्रांगी या कंपनीचे शेअरहोल्डर असेच दिवसच्या दिवस ५ टक्क्यांच्या सर्किटमध्ये अडकून होते. सर्किटने पडझड थांबत नाही, ती हप्त्याहप्त्याने होते. "ब्रोकरला सांगून काढून देतो" असं म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका.

हे शॉर्ट सेलर आधी शेअर विकून ठेवतात, मग रिपोर्ट काढून कंपनीला बदनाम करतात आणि पैसे कमावतात. हा उघड उघड दरोडा नाही का? यांना बंदी का घालत नाहीत? – संतापलेला गुंतवणूकदार, ठाणे

तुमचा राग मला समजतो, ज्याच्या शेअरचे पैसे बुडाले त्याला समोरचा त्यातून कमावतोय हे बघवत नाही. पण दादा, बंदी घालून काय होतं ते एका देशाने करून बघितलंय.

जर्मनीत वायरकार्ड नावाची पेमेंट कंपनी होती, सप्टेंबर २०१८ मध्ये डॅक्समध्ये गेली, म्हणजे आपल्या सेन्सेक्समध्ये जावी तशी. फायनान्शियल टाइम्सचे पत्रकार डॅन मॅक्रम २०१५ पासून तिच्या हिशोबांवर लिहीत होते. ३० जानेवारी २०१९ ला सिंगापूर ऑफिसमधल्या हिशोबांच्या गडबडीची बातमी आली, शेअर कोसळला. जर्मनीच्या रेग्युलेटरने काय केलं, तर १८ फेब्रुवारीला या एका शेअरमध्ये दोन महिने नवीन शॉर्ट पोझिशन घ्यायला बंदी घातली आणि नंतर पत्रकारांवरच फौजदारी तक्रार केली. सामान्य माणसाने त्यातून काय अर्थ काढला असेल सांगा, सरकारच म्हणतंय म्हणजे कंपनी चांगली आहे आणि बाहेरचे लोक हल्ला करतायत. भाव पुन्हा वर आला, लोकांनी घेतला. जून २०२० मध्ये कंपनीनेच सांगितलं की १.९ अब्ज युरो, जे फिलिपिन्समधल्या बँकांत आहेत असं दाखवलं होतं, ते बहुधा नाहीतच. २५ जूनला दिवाळखोरीचा अर्ज. टीकेनंतर ज्या लोकांनी विश्वास ठेवून शेअर धरून ठेवला ते पूर्ण गेले, आणि त्यांना त्या बंदीने आधार दिला होता, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

कमाईचं म्हणाल तर, टीका करणाऱ्याचा फायदा आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, लपवलेलं नसलं पाहिजे, इथपर्यंत मी तुमच्या बरोबर आहे. हिंडेनबर्गला सेबीने २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस काढली तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं की अदानीच्या सौद्यात त्यांना ज्या गुंतवणूकदाराशी संबंध होता त्याच्याकडून साधारण ४१ लाख डॉलर मिळाले. आपल्याकडे हातात शेअर किंवा उसने घेतलेले शेअर नसताना नुसताच विकून ठेवणं चालत नाही, संस्थांना ऑर्डर टाकतानाच शॉर्ट आहे हे सांगावं लागतं, आणि आपल्यासारख्यांना कॅश मार्केटमध्ये असा विकलेला शेअर त्याच दिवशी परत विकत घ्यावा लागतो. खोटं लिहून भाव पाडला तर त्यावर कायदा आहेच आणि तो लागलाच पाहिजे. पण आकडा खरा असेल तर तो सांगणाऱ्याने त्यातून पैसे कमावले म्हणून तो खोटा होत नाही. फुगलेल्या हिशोबावर ज्यांनी वरच्या भावात शेअर विकले त्यांनीही कमावलेच असतात ना, त्यांच्याबद्दल पत्रं येत नाहीत.

आणि कधी कधी तर बाजार ऐकतच नाही. एन्रॉनबद्दल फॉर्च्यूनच्या पत्रकार बेथनी मॅक्लेन यांनी मार्च २००१ मध्ये लिहिलं की ही कंपनी पैसा नक्की कुठून कमावते हेच कोणाला धड सांगता येत नाही. त्या वेळी भाव फारसा हलला नाही. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी सीएची आर्टिकलशिप करतेय, परळला राहते. टीका यायच्या आधीच आपल्याला काही दिसू शकतं का? कुठे बघायचं? – विद्यार्थिनी

बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी स्वतः ऑडिटमध्ये काम केलंय त्यामुळे सांगते, सुरुवात नफ्यापासून करू नकोस, कॅश फ्लोपासून कर. चार-पाच वर्षांचा नफा एका ओळीत लिही, त्याखाली धंद्यातून आलेली कॅश लिही. नफा वाढत जातोय आणि कॅश येतच नाही तर मधले पैसे कुठेतरी पडलेले असणार, बहुतेक वेळा ते उधारीवर माल घेतलेल्या गिऱ्हाइकांकडे थकलेले असतात नाहीतर मालाच्या साठ्यात असतात, आणि तो साठा खरंच आहे का हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग कॅशच तपास. सत्यम आणि वायरकार्ड दोन्हीकडे खोटी होती ती कॅश, जिच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. कंपनीकडे हजारो कोटी एफडीत असतील तर व्याज तेवढं आलंय का, भागाकार करून बघ, आणि एवढी कॅश असताना कर्ज कशाला काढलंय हे विचार. सत्यममध्ये ३७६ कोटींचं येणं व्याजही खोटंच दाखवलेलं होतं, म्हणजे व्याज जमा झालेलं दिसतंय की नुसतंच येणं दाखवलंय एवढं पण बघायला हवं.

रिलेटेड पार्टीची, म्हणजे प्रमोटर आणि त्याच्या माणसांच्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप पूर्ण वाच, कंटाळा आला तरी. आणि ऑडिटरवर लक्ष ठेव. मे २०१८ मध्ये मनपसंद बेव्हरेजेसच्या वार्षिक रिझल्टच्या अगदी तोंडावर डेलॉइटने राजीनामा दिला आणि शेअर २० टक्क्यांच्या सर्किटला गेला, वक्रांगीतून पीडब्ल्यूसी त्याच्या महिनाभर आधी बाहेर पडली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबीने नियम केला की ऑडिटरला मध्येच सोडून जाता येणार नाही, त्या तिमाहीचा रिपोर्ट देऊनच जायचं, आणि कारण नीट लिहायचं. ते कारण वाच, "व्यस्त असल्यामुळे" असं लिहिलेलं असेल तर जास्त लक्ष दे. ऑडिट रिपोर्टमध्ये हल्ली की ऑडिट मॅटर्स असतात, ऑडिटरला कुठे जास्त डोकं लावावं लागलं ते तिथे कळतं, आणि गेल्या वर्षीचा परिच्छेद या वर्षी गुपचूप बदलला असेल तर तेही कळतं.

एवढं करूनही खोटी बँक स्टेटमेंट तुला घरी बसून ओळखता येणार नाहीत, ते काम ऑडिटरचं आहे आणि उद्या तुझं असेल, बँकेचं कन्फर्मेशन कंपनीच्या हातून घेऊ नकोस, थेट बँकेकडून माग.

टीका झाल्यावर कंपनी स्पष्टीकरण देते, ते वाचून काही कळत नाही. ते कसं वाचायचं? – विलेपार्ले

टीकेतला प्रत्येक आक्षेप एका कागदावर उतरवून घ्या आणि स्पष्टीकरणात त्याला आकड्याने उत्तर आहे का ते शोधा. "आमची परंपरा", "देशाच्या प्रगतीवर हल्ला", "आम्ही कोर्टात जाऊ", "ऑडिटरनी सही केलेली आहे" ही उत्तरं नाहीत. पैसा अमुक कंपनीला दिला, अमुक तारखेला परत आला, बँकेचं नाव हे, हे उत्तर आहे. एखाद्या आक्षेपाला पानंच्या पानं आणि दुसऱ्याला एक ओळही नाही असं दिसलं तर त्या दुसऱ्यापाशी थांबा. मग एजीएमला बोला. आता बऱ्याच कंपन्यांच्या सभा व्हिडिओवर होतात, आधी स्पीकर म्हणून नाव नोंदवावं लागतं, त्याची मुदत नोटिशीत असते, आणि ती एजीएमच्या बऱ्याच आधी संपते, एक शेअर असला तरी तुम्हाला विचारता येतं. प्रश्न लेखी पण पाठवा, टीप नंबर आणि पान नंबर घालून.